डाव्या तळहातावर

सत्तर वर्षं एक वस्तू गळ्यात घालून हिंडायचं अन् तिच्या आत काय आहे हे एकदाही विचारायचं नाही, याला काय म्हणावं? मी तर कमाल म्हणते. त्या दिवशी एमआरआयच्या दारात एका पोरीनं आमच्या आप्पांना अगदी साधा प्रश्न विचारला, "काका, हे कशाचं आहे?" अन् मूठभर ज्वारी नाकाशी नेऊन ती कुठल्या शिवारातली हे सांगणारा आमचा बाप आ वासून माझ्याकडं बघायला लागला.

पण असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला कळायचं नाही. पहिल्यापासून सांगते.

आप्पा म्हणजे गुंडप्पा. नळदुर्गात आमचं भुसार मालाचं दुकान, हमरस्त्यापासून जरा आत. आम्ही लिंगायत. आमच्यात मूल जन्मलं की स्वामी घरी येऊन त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. आवळ्याएवढं, काळं कुळकुळीत. मोठेपणी ते चांदीच्या डबीत घालून दोऱ्यानं छातीवर रुळतं. रोज आंघोळ झाली की डबी उघडायची, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा, अन् मगच घास तोंडात घालायचा. बाकी सारा वेळ ते अंगावर. जित्या माणसाच्या अंगावरनं ते उतरत नाही अन् मेल्यावर त्याच्यासोबतच मातीत जातं.

मी माझं उतरवलं. कॉलेजात होते, डोक्यात रसायनशास्त्र शिरलेलं. घरी आलेल्या स्वामींना विचारलं, "याच्या आत काय असतं?" ते हसून म्हणाले, "बाळ, जे बाहेर तेच आत." दुसरी एखादी हात जोडून गप बसली असती. मला वाटलं, हे काय उत्तर झालं? सांगता येत नसेल तर तसं म्हणा की! त्याच आठवड्यात मी दोरा काढला अन् लिंग देवघरात नेऊन ठेवलं. अव्वानं, म्हणजे आईनं, रडून घर डोक्यावर घेतलं. आप्पा एक अक्षर बोलले नाहीत. पण तेव्हापासून ते रोज सकाळी आधी स्वतःच्या लिंगाची पूजा करतात, मग माझ्या. "तुझं म्या करतो" असंही कधी म्हणाले नाहीत. नुसतं करतात. अव्वा गेली, माझं लग्न झालं, माझे केस पिकायला लागले, तरी करतात.

मी धाराशिवात राहते. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. शेतकरी पिशवीत माती घेऊन येतो अन् मी त्याला त्या मातीत काय आहे, काय नाही ते सांगते. म्हणजे 'आत काय आहे' यावरच माझं पोट चालतं म्हणा ना! धाकटा भाऊ बसवराज नळदुर्गात आप्पांजवळ. दुकान तोच बघतो. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढल्याशिवाय तो कुलूप उघडत नाही. माझ्या अन् त्याच्या तोंडाला तोंड लागलं की शेजारची सीताबाई आधी खिडकी उघडते, मग कान.

आता दुखण्याचं. गेल्या दिवाळीपासून आप्पांच्या पायातली चप्पल निसटायची अन् त्यांना कळायचं नाही. एक चप्पल दुकानात, दुसरी रस्त्यावर, अन् हे आपले निवांत घराकडं. आम्ही हसायचो. मग सदऱ्याची बटणं लागेनात. मग भिंत धरून चालायला लागले. बसवराजनं सोमवारचा रुद्राभिषेक लावला. मी म्हटलं, अभिषेकानं पाय सुधारत असते तर दवाखाने कशाला काढले असते लोकांनी? मी रक्त तपासून आणलं, जीवनसत्त्व कमी निघालं, अन् मोठ्या रुबाबात सुया चालू केल्या. "बघ, हे असतं कारण शोधणं," असं त्याला ऐकवलंसुद्धा. आप्पा दोन्ही घेत होते, अभिषेकाचं तीर्थही अन् माझी सुईही. पाय होते तसेच, नाही, वाईटच होत गेले. शेवटी मणक्याच्या डॉक्टरांकडं नेलं, तर त्यांनी गुडघ्यावर ती छोटी हातोडी मारली अन् आम्हा दोघांकडं असं बघितलं की दोघांचंही तोंड बंद झालं.

"मानेत नस दबतेय," ते म्हणाले. "मानेचा एमआरआय लगेच काढा. फोटोशिवाय मी सुरी लावणार नाही. अन् उशीर केलात तर गेलेले पाय परत यायचे नाहीत."

ऐकलंत? पाय. पहाटे उठून बोरी नदीपर्यंत चालत जाणारा माणूस हा. घरी परत येताना ते कुणाच्या तरी बांधावरनं बेल घेऊन यायचे, स्वतःसाठी अन् माझ्यासाठी. त्यांना खाटेवर पडलेलं मला डोळ्यांपुढं आणवेना. देव नसला तरी बाप एकच असतो ना.

तर एमआरआयचा दिवस. बसवराज आप्पांना गाडीत घालून तुळजापूरवरनं धाराशिवला घेऊन आला, मी तिथं आधीच जाऊन उभी. मशीन चालवणारी पोरगी आरोही नावाची, चटपटीत, बोलायला गोड अन् नियमाला कडू. तिनं आप्पांना अंगठी, करदोटा, घड्याळ सगळं काढायला लावलं. आप्पांनी मुकाट्यानं काढलं. मग ती म्हणाली, "काका, गळ्यातलं पण."

"ते न्हाय निघत," आप्पा म्हणाले.

"दोरा कापू का?"

"यव्वा!" आप्पांनी दोन्ही हात छातीवर घेतले. "कापू काय? ते जित्याच्या अंगावरनं काढत न्हाईत."

आरोहीनं समजावलं. मशीन म्हणजे भलं मोठं चुंबक. डबी चांदीची, ती चुंबकाकडं ओढली गेली नाही तरी तापू शकते, अन् फोटो नेमका मानेचा, तो बिघडणारच. मागं एका बाईनं ताईत लपवून नेला होता, त्यात लोखंडी पत्रा निघाला, मशीनला जाऊन चिकटला अन् मशीन बंद. तेव्हापासून काही म्हणजे काही आत न्यायचं नाही.

बसवराजला युक्ती सुचली. "ओ ताई, डबी काढतो की. नुसतं लिंग कपड्यात बांधू दंडाला. दगडाला काय हुतंय?"

"दगड आहे का?" आरोहीनं विचारलं. अन् मग तो प्रश्न. "काका, हे कशाचं आहे?"

आप्पा माझ्याकडं बघायला लागले.

मला माहीत होतं तेवढं मी सांगितलं. वरचं काळं म्हणजे लेप असतो, कशाकशाची राख, तूप, अजून काहीबाही. आत दगड असतो असं म्हणतात. कुणी स्फटिक म्हणतं. करणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या करतात अन् सांगत नाहीत.

"लोखंड नाही ना? धातूचा चुरा वगैरे?"

"अक्का, सांग की दगड हाय म्हनून!" बसवराज माझ्या कानाशी आला. "तू लॅबमधली हायस, तुझं ऐकंल ती. एक शब्द बोल अन् मोकळं कर. आप्पांच्या पायाचा सवाल हाय!"

खरं सांगते, शब्द जिभेच्या टोकावर आला होता. 'दगड आहे, मी खात्री देते' एवढंच म्हणायचं होतं. बहुतेक तो दगडच असणार होता, मला तर शंभरातले नव्व्याण्णव टक्के तसंच वाटत होतं. पण तो एक टक्का आप्पांच्या दंडाला बांधून त्या चुंबकात ढकलायचा? अन् जे मी कधी तपासलंच नाही त्याचा दाखला द्यायचा?

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "फोडल्याशिवाय सांगता यायचं नाही."

बसवराजनं कपाळावर हात मारून घेतला. "सख्खी लेक हायस का वैरीण? देव न्हाय म्हनतीस ते म्हनतीस, इथं बापासाठी एवढंबी जमंना?"

"तू गप रे! खामखा काहीतरी बोलू नको."

आप्पा मात्र माझ्याकडं टक लावून बघत होते, एखाद्या पोत्यातला माल पारखावा तसं. मला वाटलं रागावले. मग म्हणाले, "स्वामींना फोन लाव."

बसवराजनं मठात फोन लावला. स्वामी समंजस निघाले. म्हणाले, आजारपणात धर्म अडवून बसत नाही. दुसऱ्यानं हातात धरावं. खाली ठेवू नये, बस्स. बसवराज लगेच पुढं झाला. सकाळची आंघोळ झालेली, कपाळावर विभूती, पोटात अन्नाचा कण नाही, आप्पांसाठी उपास धरलेला. त्यानं डावा हात पुढं केला अन् डोळे मिटले.

"तुझ्याकडं न्हाय," आप्पा म्हणाले. "लीलाकडं देतो."

माझं नाव शिवलीला, घरात लीला. ती हाक ऐकून मी मागं वळून बघितलं, दुसरी कुणी लीला आली का म्हणून.

"आप्पा!" बसवराजचे डोळे उघडले ते केवढे! "तिच्या गळ्यात सोताचं लिंग न्हाय! ती मानत न्हाय, ठाऊक हाय ना तुमाला?"

"ठाऊक हाय. तिच्याच हातात देतो, न्हायतर गाडी काढ, घरी जाऊ."

का? हा एकच शब्द डोक्यात. मलाच का? मला सुधारायचा डाव आहे का हा म्हाताऱ्याचा? लिंग हातात धरलं की पोरगी पाघळेल असं वाटतंय का यांना? पण विचारायला वेळ नव्हता, आरोही घड्याळ बघत होती. मी हात धुऊन आले. आप्पांनी डबी उघडली, लिंग काढलं, कपाळाला लावलं अन् माझ्या डाव्या तळहातावर ठेवलं. डबी त्यांनी बसवराजच्या हातात दिली.

"छातीपाशी धर," ते म्हणाले. "खाली ठेवू नगं. उजव्या हातात न्हाय, पदरात न्हाय, कुणाला द्यायचं न्हाय. म्या येईस्तोवर तू माझं अंग."

मग आरोही त्यांना आत घेऊन गेली अन् जाड दार बंद झालं. बसवराज डबी मुठीत घेऊन बाहेर गाडीत जाऊन बसला. माझ्याकडं बघितलंही नाही त्यानं.

अन् मी बाकड्यावर, हातात देव.

पहिल्यांदा जाणवलं ते हे की लिंग गरम होतं. आप्पांच्या छातीची ऊब. हे तर उघड आहे म्हणा, शरीराला चिकटलेली वस्तू शरीराएवढी गरम होणारच. मी गंमत म्हणून लक्ष ठेवलं की ती ऊब कधी जाते. पण ती जाईनाच. आप्पांची ओसरत होती तशी माझ्या हाताची चढत होती, अन् त्यांची कुठं संपली, माझी कुठं सुरू झाली हे काही केल्या कळेना. इतकी वर्षं तापमान मोजतेय, पण असलं काही मोजायचं कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग मी ते डोळ्यांजवळ नेलं. बाई गं, बुडाशी लेपाचा एक टवका उडालेला! नखाएवढा. आत काहीतरी करडं दिसत होतं. दगड? वाळलेली माती? का लेपाचाच आतला थर? माझ्या पदराला पिन होती. उजवा हात मोकळा. पिनेच्या टोकानं जरासं खरवडलं असतं तर कागदावर चिमूटभर भुकटी पडली असती. मी ती प्रयोगशाळेत नेली असती अन् संध्याकाळपर्यंत ज्या प्रश्नासाठी मी कॉलेजात असताना घर हलवलं होतं त्याचं उत्तर मिळालं असतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी पिन काढलीसुद्धा.

अन् परत लावली.

घाबरले नाही. कोपबिप होईल असलं काही मनात आलं नाही, शपथेवर सांगते. पण आमच्या प्रयोगशाळेत एक रीत आहे. ज्याचं शेत त्यानंच माती आणायची. मालकाला न विचारता उचललेली माती आम्ही तपासत नाही. ही माती आप्पांची होती. त्यांनी मला धरायला दिली होती, उकरायला नाही.

हात अवघडायला लागला. फोन वाजला तो उजव्या हातानं बंद केला. नाकाला खाज सुटली. माशी आली ती नेमकी लिंगावर बसायला, अन् मी फुंकर मारून तिला हाकलतेय! आमच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी मला त्या वेळी बघितलं असतं तर महिनाभर चहाला विषय झाला असता.

तेवढ्यात आरोही बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता.

"ताई, काका घाबरतायत. हातात रबरी फुगा दिलाय, भीती वाटली की दाबायचा, तर दोनदा दाबला. दोनदा बाहेर काढावं लागलं. मान हलतेय, एकही फोटो नीट येत नाही. आता शेवटचं घेते. नाही जमलं तर भूल देऊन करावं लागेल, अन् भुलीचे डॉक्टर पुढच्या आठवड्यात येतात."

पुढचा आठवडा! मला डॉक्टरांचं वाक्य आठवलं.

"मी आत येते. पाय धरून उभी राहते त्यांचे."

"या ना. नातेवाईक चालतात. फोन, पिना, दागिने इथं काढून ठेवा. फक्त ते..." तिनं माझ्या तळहाताकडं बघितलं. "ते आत नाही चालणार. इथं टेबलावर ठेवा."

आप्पांना माझी गरज आत होती अन् त्यांनी दिलेली वस्तू मला बाहेर बांधून ठेवत होती.

"पाच मिनिटांचा प्रश्न आहे ताई," ती हळू आवाजात म्हणाली. "स्वच्छ टेबल आहे, रुमाल अंथरते. मी नाही सांगणार काकांना."

बुद्धीला विचारलं तर बुद्धी म्हणत होती, ठेव. टेबल म्हणजे टेबल, हात म्हणजे हात. टेबलाला काय कळतं, दगडाला काय कळतं? आत जा, बापाचे पाय धर. यात एकही चूक नव्हती, मी आजही काढू शकत नाही. तरी हात खाली जाईना.

"तू नाही सांगणार गं," मी म्हणाले. "पण ते मलाच विचारतील."

आरोही गोंधळली. मग म्हणाली, "आवाज पोचतो. काचेच्या या बाजूला माइक आहे. तिथून बोलता का?"

ती मला शेजारच्या खोलीत घेऊन गेली. मोठ्या काचेपलीकडं ती पांढरी नळी, अन् नळीतनं बाहेर आलेले आप्पांचे दोन पाय. इतके बारीक झालेत हे ते चालताना मला कधी दिसलं नव्हतं. आरोहीनं बटण दाखवलं. उजव्या हातानं ते दाबलं, डावा छातीशी.

"आप्पा. मी हाय, लीला."

भिंतीवरच्या डबड्यातनं त्यांचा श्वास आला, धापा टाकल्यासारखा. "लीले... काढ मला हितनं. मातीत घातल्यावानी वाटायलंय गं. अंगावर कायच न्हाय माझ्या."

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. आमच्यात मेल्यावर पुरतात, तेही लिंगासकट. अन् हा माणूस जिताजागता, अंगावर लिंग नाही, छातीपर्यंत अंधाऱ्या भोकात. नळीला कोण भितंय! ते लिंगाविना मरायला भीत होते.

"आप्पा, ऐका. माझ्या हातात हाय ते."

श्वास थांबला. "खाली ठेवलंस?"

"न्हाय."

"एकदाबी?"

"एकदाबी न्हाय."

"बसूकडं दिलंस?"

"न्हाय आप्पा. डाव्या हातावर हाय, छातीपाशी. तुम्ही दिलंत तसंच. हात मोडायला आलाय माझा."

मग त्या डबड्यातनं एक लांब उसासा आला, पोतं पाठीवरनं उतरवल्यावर हमाल सोडतो तसा.

"बरं," आप्पा म्हणाले. "मग चालू करा मशीन."

आरोहीनं चालू केलं. काय तो आवाज! खडखडाट, ठोके, पत्र्यावर दगड पडल्यासारखं. मी माइकपाशी उभी होते, पण परत बोलायची गरज लागली नाही. पडद्यावर आप्पांच्या मानेचे मणके एकाखाली एक उमटत गेले, स्वच्छ, अन् एका जागी ती दबलेली नस मलासुद्धा दिसली. फुगा एकदाही दाबला नाही त्यांनी. आरोही एकदा पडद्याकडं बघायची, एकदा माझ्या हाताकडं. शेवटी न राहवून म्हणाली, "ताई, असं काय आहे हो त्यात?"

"मला तरी कुठं माहितीये?" मी म्हणाले.

झालं. आप्पांना बाहेर आणलं. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी तळहात पुढं केला. मी लिंग त्यावर ठेवलं. माझी बोटं वाकडीच राहिली, सरळ होईनात.

"गरम हाय," आप्पा म्हणाले.

"माझ्या हातानं झालंय. साधं शास्त्र आहे ते."

"व्हय की. तुझ्याच हातानं झालंय." त्यांनी ते डोळ्यांना लावलं.

गाडीत मी पुढं बसले. आप्पा मागं, गळ्यात डबी परत आलेली. बसवराज गाडी चालू करेना. दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत बसला होता, अन् मग एकदम त्याचा आवाज फुटला.

"आप्पा, माझं काय चुकलं? उपाशी हाय म्या सकाळपासनं. हमेशा तुमच्यासंगं पूजेला म्याच बसतो. अन् धरायला हिच्याकडं? जी मानतच न्हाय तिच्याकडं?"

मलाही तेच विचारायचं होतं, सकाळपासून.

"तुझं कायबी चुकलं न्हाय रं," आप्पा म्हणाले. "बसू, खरं सांग. हात दुखला असता, आत बाप वरडतोय म्हनून कळलं असतं, तर काय केलं असतंस?"

बसवराजनं विचार केला. माझा भाऊ भांडखोर आहे, पण लबाड नाही. "ठेवलं असतं टेबलावर," तो म्हणाला. "हात जोडले असते, म्हनलं असतं देवा, माफ कर, अन् पळत आलो असतो तुमच्यापाशी."

"अन् म्या इचारलं असतं, हातात हाय का?"

"...हाय म्हनलो असतो. तुमाला धीर याया पायजे ना!"

"मग? म्या आत पडून तोच इचार केला असता. पोरगं मायेचं हाय, मला धीर द्यायला बोलतंय. माझा जीव काय थाऱ्यावर आला नसता." आप्पा जरा पुढं सरकले, अन् त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. "तुझा देव लई दयाळू हाय, बसू. बापासाठी बोललेलं खोटं तो माफ करतो. ही खोटं बोलली तर हिला माफ करायला हाय कोन?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. बसवराज नाक ओढून हसला, अन् त्यानं चावी फिरवली.

"आप्पा," मी थोड्या वेळानं म्हणाले, "बुडाशी टवका उडालाय. खरवडून बघू का एकदा? चिमूटभर लागंल."

"न्हाय."

"आत काय आहे ते कळावं असं तुम्हाला वाटत न्हाय?"

"वाटतंय की. आज त्या पोरीनं इचारल्यापासनं लई वाटायलंय." ते खरंच विचारात पडल्यासारखे दिसत होते. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. "पण ते माझ्यासंगं जानार हाय. तुझं हाय ना देवघरात? ते फोडून बघ. तुझंच हाय ते, तुला कोन अडवतंय?"

हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. ते रोजच्या विभूतीनं पांढुरकं झालेलं माझं लिंग डोळ्यांपुढं आलं. रोजचं पाणी, रोजचा बेल. ते फोडायचं?

डॉक्टरांनी फोटो बघून त्याच संध्याकाळी सांगितलं, ऑपरेशन करू, लवकर करू, पाय वाचतील. मान उघडायची म्हणजे गळ्यात दोरासुद्धा चालणार नाही. अन् वेळ चांगलाच लागेल, चार-पाच तास धरा. खोलीबाहेर आलो तसा बसवराज माझ्याकडं बघायला लागला, अन् आप्पाही.

"एवढा येळ धरवंल का गं लीले?" आप्पांनी विचारलं.

माझ्या डाव्या हाताला अजून मुंग्या येत होत्या. हो म्हणणं सोपं होतं. म्हाताऱ्याला तेवढंच ऐकायचं होतं, बसवराज तर मान हलवून मला खुणावत होता.

"माहीत नाही, आप्पा," मी म्हणाले. "धरून बघितल्याशिवाय कसं सांगू?"

आप्पांनी माझा तो वाकडा झालेला हात आपल्या हातात घेतला अन् बोटं एक एक करून सरळ करायला लागले.

"ऐकलंस का बसू?" ते म्हणाले. "हिच्याकडंच द्यायचं."